बारा मीटरचं वळण

सकाळी सातला रस्ते विभागाचा टेम्पो आला आणि कामगारांनी चौकाच्या कोपऱ्यावर वाळूची पोती रचायला घेतली. ताई वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत होती. खरं तर तिने खाली असायला हवं होतं. नकाशा तिने काढलेला, नव्या वळणाची चाचणी तिने मंजूर करून घेतलेली, आणि पोती वीतभर जरी इकडची तिकडे झाली तरी सगळा दिवस वाया जाणार होता. तरी तिचा पाय निघत नव्हता. चहा दोनदा गरम करून झाला होता आणि दोन्ही वेळा तसाच निवला होता.

"खाली जाणार आहेस, की इथूनच ओरडून सांगणार आहेस?" आईने मागून विचारलं.

"जाते."

"मघाशीही जातेच म्हणालीस."

खिडकीच्या बरोबर खाली घरचं टायरचं दुकान. आजोबांनी ते सायकलदुरुस्तीचं म्हणून काढलं होतं. वडील गेल्यावर काकाने ते लॉरीच्या टायरांवर नेलं आणि त्यावर घर उभं राहिलं, ताई इंजिनिअर झाली, तिच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. सात महिन्यांपूर्वी त्याच दुकानासमोर, डावीकडे वळणाऱ्या एका लॉरीखाली धाकट्याची बायको सायकलसकट आली. ती मुलांच्या वॉर्डात नर्स होती. घरात लहानथोर सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. मांडीच्या हाडात सळई घालावी लागली. नऊ आठवडे अंथरूण, मग कुबड्या, मग काठी. आणि आज ती म्हणत होती की चाचणीच्या वेळी चौकातून सायकल दुसऱ्या कोणी न्यायची नाही, मीच नेणार.

आईच्या हातात विभागाचा कागद होता. नव्या आखणीत सायकलींचा वेगळा पट्टा पदपथाला लागून येत होता, त्यामुळे दुकानापुढचा चार फुटांचा ओटा जात होता आणि लॉऱ्यांना दारात उभं राहायला जागा उरत नव्हती. मालक दोघं, काका आणि आई. दोघांची संमती दुपारी एकच्या आत हवी होती. एकला मुख्य अभियंता येणार होते, आणि संमती नसेल तर ते हा चौक सोडून देणार, हे त्यांनी ताईला तोंडावर सांगितलं होतं.

"भाऊजी सही करणार नाहीत," आई म्हणाली. "आणि ते करत नाहीत तोवर मीही करणार नाही. तुमचे बाबा गेले तेव्हा हा माणूस तुम्हा दोघांसाठी उभा राहिला. मी त्यांना डावलून पेन उचलू?"

"आणि तुझ्या सुनेच्या पायाचं काय?"

"तो पाय रोज मी चोळते," आई शांतपणे म्हणाली. "तो मला सांगू नकोस."

ताईला बोलायचं होतं ते वेगळंच होतं आणि ते आईलाही माहीत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी, तिच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, काका पहिल्यांदा तिच्या कचेरीत आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या टोकावर बसून त्याने विचारलं होतं, "एवढा आपला कोपरा जरा मोकळा होईल का गं? लॉऱ्या अडकतात." चौकाची दुरुस्ती तेव्हा निघालेलीच होती. तिने वळणाची त्रिज्या पाच मीटरवरून बारा केली. नियमात बसत होतं, साहेबांनी न बघता सही केली, कुणाची हरकत आली नाही. कोपरा ऐसपैस झाला आणि लॉऱ्या ब्रेकवर पाय न ठेवता वळायला लागल्या. नकाशाच्या खालच्या चौकटीत, 'आखणी' या शब्दापुढे तिची आद्याक्षरं होती.

आता धाकट्याने विभागाकडे अर्ज केला होता: हा कोपरा इतका रुंद कोणी आणि का केला, जुन्या नकाशाची प्रत मिळावी. अर्ज फिरत फिरत तिच्याच टेबलावर आला. अकरा दिवस तो तिच्या खणात पडून होता.

तिने कप ठेवला आणि जिना उतरायला लागली.

*

दुकान आज बंद होतं. काका अर्ध्या उघड्या शटरखाली स्टुलावर बसून पोत्यांकडे बघत होता. वळण इतकं आखडलेलं त्याने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. कोपऱ्यापासून सुटं, केळीच्या आकाराचं एक बेट रचलं होतं. बेटाच्या आतून सायकलींची वाट, बाहेरून गाड्यांची.

"हे बेट नाही, बांध आहे," तो धाकट्याला म्हणाला. "चाळीस फुटी गाडी इथून वळायची नाही. मागची चाकं आत कापतात. ती चाकं पोत्यांवर चढणार, आणि मग बघू ह्यांचे साहेब काय म्हणतात."

चाचणीसाठी लांब लॉरी लागणार होती. ती काकाने स्वतःच्याच एका गिऱ्हाइकाकडून मागवली होती आणि चालवणारही तोच होता. वळत नाही हे आपल्याच हातांनी दाखवायचं, म्हणजे वाद संपला. रात्रभर तो हाच हिशेब करत होता. पण हिशेब पुरा व्हायच्या आत दर वेळी त्याला तो ड्रायव्हर आठवायचा. सात महिन्यांपूर्वी, सिस्टरला उचलून नेल्यावर, काकाने त्या पोराला केबिनमधून कॉलर धरून खाली ओढलं होतं. तो एकच वाक्य म्हणत राहिला, "दिसलीच नाही हो, आईशप्पथ दिसलीच नाही." काकाने त्याला चार माणसांत खोटारडा म्हटलं होतं, आणि हात उगारला होता.

"काका," धाकटा म्हणाला, "सही करून टाका. पण एक काम करा. तिला सायकलवर बसू देऊ नका. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"म्हणजे मी ओटा सोडायचा आणि वर वाईटपणाही मीच घ्यायचा?"

"तिला झोपेत दचकताना तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहतो."

काकाने त्याच्याकडे बघितलं. हा पोरगा चौथीत असल्यापासून त्याच्या हाताखाली वाढला होता; काही मागायचं असलं की अजूनही तसाच पायाकडे बघत बोलायचा. "तिला मी थांबवतो," काका म्हणाला. "पण मग सहीचं तू काढायचं नाहीस. दोन्ही नाही मिळणार."

धाकटा उत्तर देणार तेवढ्यात ताई जिन्याच्या दारातून बाहेर आली. ती सरळ पोत्यांकडे गेली, टेप लावून दोन अंतरं मोजली, एका कामगाराला एक पोतं आत घ्यायला लावलं. बेटाच्या बाहेरच्या कडेला तिने जाड रबरी पट्टे अंथरून घेतले. मग ती त्या दोघांपाशी आली.

"काका, ते पट्टे मागच्या चाकांसाठी आहेत. पक्कं काम होईल तेव्हा तिथे उतरती कड असेल. लॉरीची मागची चाकं तिच्यावरून जातील. मोटारवाले मात्र दणका बसतो म्हणून लांबून वळतील, म्हणजे हळू वळतील."

"सगळा विचार केलायस तू," काका म्हणाला.

"आता केलाय."

धाकट्याचं 'आता'कडे लक्ष गेलं नाही. तो चौकाकडे बघत होता. "इतकं सोपं होतं ना हे? थोडी पोती आणि पट्टे. मग आधी ज्याने हा कोपरा मैदानासारखा करून ठेवला, त्याला कळलं नव्हतं? मी अर्ज केलाय, ताई. नाव मिळू दे नुसतं. त्याच्या घरी जाऊन मी तिचे एक्स-रे दाखवणार आहे. बस्स, तेवढंच."

ताईने टेप गुंडाळला. तो खिशात ठेवून ती भावासमोर उभी राहिली आणि पुढे काय होणार ते काकाला कळलं.

"आत्ता नको," तो हळूच म्हणाला. "आज नको, पोरी."

"मग कधी, काका?" ती भावाकडे वळली. "तुझा अर्ज माझ्या खणात आहे. अकरा दिवस. तो नकाशा मी काढला होता. पाचचे बारा मीटर मी केले."

धाकट्याला आधी समजलंच नाही. तो अर्धवट हसला, कुणीतरी थट्टा करतंय तसा. मग त्याने काकाकडे बघितलं. काकाने खाली बघितलं आणि धाकट्याचं हसू गेलं.

"मी सांगितलं होतं तिला," काका म्हणाला. "दुकानासाठी. लॉऱ्या अडकायच्या."

"दोघांना माहीत होतं," धाकटा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "ती ऑपरेशनच्या टेबलावर होती तेव्हा तुम्ही दोघं माझ्या दोन बाजूंना बसला होतात. बाकावर. दोघांना माहीत होतं."

समोर एक कामगार थांबरेषेचा पांढरा पट्टा चिकटवत होता.

*

सिस्टर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. नाडी बांधून झाली तरी ती तशीच बसून राहिली.

तिला राग यायला हवा होता, आणि तो येईल असंही वाटत होतं. आज नाही तर उद्या, भाजी चिरताना वगैरे. पण आत्ता मनात फक्त भीती होती आणि तिने दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नव्हती. सकाळपासून ती एकच गोष्ट टाळत होती. अपघाताचं तिला फारसं काही आठवत नसे, पण लॉरीच्या चाकाचे नट आठवत. पिवळट गंज चढलेले, कानाजवळून सावकाश फिरत जाणारे. किती सावकाश, याचंच तिला नवल वाटायचं.

वरून सासूबाई उतरत होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं. त्या सुनेच्या मागच्या पायरीवर येऊन थांबल्या.

"तू वर चल," त्या म्हणाल्या. "काही सिद्ध करायचं नाहीये कुणाला."

"सिद्ध नाही करत, आई. सोमवारपासून ड्यूटी आहे. सायकलने जायचं की याच्या मागे स्कूटरवर बसून, एवढं ठरवायचंय. आयुष्यभर कोणाच्या मागे बसायचं म्हणजे..." तिने वाक्य सोडून दिलं आणि कठडा धरून उठली.

ती बाहेर आली तेव्हा तिघंही तिच्याकडे बघायचं टाळत होते. धाकटा पुढे झाला. "वर जा. हे सगळं रद्द."

"का?"

"तुला माहीत नाही काय झालंय ते."

"ऐकलं. कोपरा ताईंचा, मागणी काकांची आणि पाय माझा. मग आज काय करायचं ते मला ठरवू दे." तिचा आवाज वाटला होता त्याहून बरा निघाला. ती ताईकडे वळली. "ताई, तुमच्याशी मी नंतर बोलणार आहे. बोलणार आहे हे नक्की. पण आत्ता मला सांगा, मी कुठे उभी राहू?"

ताईने दाखवलं. जुनी थांबरेषा, जिथे सायकली लॉरीच्या अंगाला लागून उभ्या राहायच्या. आणि नवी, बेटाच्या आडोशाने सरळ पुढे जाऊन, गाड्यांच्या रेषेच्या कितीतरी पुढे. तिथून रस्ता ओलांडायची वाट कोपऱ्यापासून मोटारीच्या लांबीइतकी आत घेतलेली.

"आणि तुमचा दिवा पाच सेकंद आधी हिरवा होईल," ती म्हणाली. "गाड्या सुटायच्या आत तुम्ही निम्म्यात."

आपल्याला ताई पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाली, हे सिस्टरच्या लक्षात आलं. बहुधा ताईच्या आलं नसावं.

*

लॉरी दहाला आली. पोलिसाने एका बाजूची वाहतूक थोपवली. काका केबिनमध्ये चढला, आसन पुढे घेतलं, आरसा लावला, आणि पहिल्या गिअरमध्ये वळणावर आला. आतमध्ये कुठेतरी त्याला अजूनही वाटत होतं की चाकं पोत्यांवर चढावीत. तो नेहमीसारखा रुंद घेऊन वळायला गेला, पण बेट आडवं होतं. वेग माणसाच्या चालीवर आणावा लागला. मागची चाकं आत कापत आली, रबरी पट्ट्यांवर चढली, उतरली. एकही पोतं हललं नाही. गाडी वळली.

कामगारांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. काकाने गाडी फिरवून पुन्हा चौकाशी आणली. आता सबब उरली नव्हती.

"काका," सिस्टरचा आवाज आला. "उतरू नका. इंजिन बंद करा आणि बसून राहा. मी दिसते का ते सांगा."

त्याने डावीकडच्या, क्लीनर-बाजूच्या आरशात बघितलं. आरशात पदपथ होता, दुकानाचं शटर होतं, शटरपाशी उभी वहिनी होती. "नाही," तो म्हणाला. "मागे आहेस का?"

"नाही. आता बघा."

तो उठून अर्धा झुकला, पलीकडच्या खिडकीतून खाली बघितलं. दाराचा पत्रा, त्यापलीकडे रस्ता. "नाही दिसत. कुठे आहेस तू?"

"तुमच्या दाराला हात लावून उभी आहे."

पत्र्यावर तिने बोटाने टकटक केली. तो आवाज त्याच्या गुडघ्यापासून चार-साडेचार फुटांवर होता. जुन्या थांबरेषेवर. त्या दिवशी ती जिथे उभी होती तिथेच. काका पुन्हा आसनावर बसला. स्टिअरिंग धरलेले हात त्याला काढता येईनात. 'दिसलीच नाही हो.' वीस-बावीस वर्षांचा असेल तो पोरगा. खरं बोलत होता.

मग सायकल ढकलत ती पुढे निघाली, बेटाच्या आतल्या वाटेने, आणि नव्या रेषेवर जाऊन थांबली. काचेतून समोर ती अख्खी दिसत होती. हेल्मेट, पाठीवरची पिशवी, डावा बूट, उजवा बूट. न दिसायची सोयच नव्हती.

"आता?" तिने वळून विचारलं.

काकाने नुसती मान हलवली.

तो खाली उतरला तेव्हा आई कागद घेऊन पुढे आली. त्याने तो लॉरीच्या चाकावरच्या मडगार्डवर ठेवूनच सही केली आणि पेन तिच्याकडे दिलं. "वहिनी," तो म्हणाला, "मी त्या ड्रायव्हरला मारायला गेलो होतो."

"मला माहीत आहे."

"त्याला शोधलं पाहिजे."

आईने सही केली. मग कागद ताईकडे न देता आपल्याच हातात ठेवला. "साहेबांना मी देईन," ती मुलीला म्हणाली. "तू आज माझ्यासमोर थोडी कमीच ये."

*

पोलिसाने वाहतूक सोडली. आता खरा चौक होता. मोटारी, स्कूटर, मागे एक दुधाची गाडी. सिस्टर रेषेवर एक पाय टेकून उभी होती. तिच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, धाकटा जाऊन उभा राहिला होता. त्याने तिला अडवलं नव्हतं; अडवायचं सोडून तो सरळ पलीकडे चालत गेला होता.

सायकलचा दिवा हिरवा झाला. ताई मनात मोजत होती. एक, दोन, तीन. सिस्टरचा पाय जमिनीवरून उठला नाही. पाच. गाड्या सुटल्या.

पुन्हा लाल. पुन्हा हिरवा. या वेळी तिने पॅडल वर घेतलं, आणि मागच्या दुधाच्या गाडीचा एअरब्रेक सुटला, फस्स करून. तिने दोन्ही ब्रेक दाबले आणि जागच्या जागी उभी राहिली. ताईला वाटलं जाऊन तिला बाजूला घ्यावं, पण तिच्याजवळ जायचा हक्क आज आपल्याला आहे का, हेच तिला कळेना. ती पोत्यांपाशीच उभी राहिली.

तिसऱ्या हिरव्याला सिस्टर निघाली. पॅडलच्या पहिल्या दोन फेऱ्यांना सायकल डुलली, मग सरळ झाली. ती निम्म्यात पोचली तेव्हा गाड्या सुटल्या. एक पांढरी मोटार डावीकडे वळायला आली, बेटापाशी आखडली, आणि सायकलच्या वाटेआधी थांबली. चालवणाऱ्या बाईने मान वर करून सिस्टरकडे बघितलं. बघितलं, आणि थांबली. एवढंच. सिस्टर पलीकडे पोचली.

तिथे ती सायकलवरून उतरली आणि पदपथाच्या कडेवर बसली. धाकटा खाली वाकून काहीतरी विचारत होता. ती हसत होती की रडत होती ते इकडून कळत नव्हतं. थोड्या वेळाने तिने हाताने त्याला जा म्हणून खूण केली. पाणी आण, असं असावं.

तो रस्ता ओलांडून दुकानाकडे आला. ताईच्या अंगावरून पुढे गेला, बाटली घेतली, परतताना तिच्यासमोर थांबला. सकाळपासून प्रथमच त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं.

"अजून किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"असे कोपरे. हा एक काकांसाठी केलास. पण तेव्हा सगळेच असे करत होतात ना? पाचचे बारा. तुझ्या हातचे अजून किती आहेत?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला ठाऊक होतं. चौकशीत येईल, वर्तमानपत्रात येईल असं तिला वाटायचं. भावाच्या तोंडून येईल असं वाटलं नव्हतं. आकडा तिला शोधावा लागला नाही.

"चौदा," ती म्हणाली.

पलीकडे सिस्टर उठून उभी राहिली होती आणि सायकलची चेन बघत होती.

"हॉस्पिटलच्या वाटेवर?"

"दोन."

धाकट्याने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "चौदाही मला लिहून दे," तो म्हणाला. "आज. सोमवारी ती निघेल तेव्हा त्या दोन ठिकाणी मी उभा असेन. तू बाकीचे बघ."